आपोआप बदलणारा गिअर

"तुमच्या सायकलला भूत लागलंय ताई," स्पोक म्हणाला. "बाकी मला तरी काही दिसत नाही."

सायकल दुरुस्त करणाऱ्या त्या काटकुळ्या माणसाला सगळी गल्ली स्पोक म्हणायची आणि त्यालाही ते नाव पसंत होतं. पंधरा दिवसांत सायकल घेऊन तिची ही तिसरी खेप. आधी त्याने गिअरची तार बदलली, मग स्क्रू पाव फेरा पिळून ती ताणून दिली. तरी तेच. बेकरीतून दुपारी घरी येऊन सायकल लावताना गिअर तिसऱ्यावर आणि पहाटे कामाला निघताना पाहावं तर पहिल्यावर. सपाट रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरायचे आणि सायकल आपली रेंगाळत चालायची.

"अहो, मी काय खोटं सांगतेय का?" ती म्हणाली. तिच्या बाहीला अजून पीठ होतं.

"खोटं नाही, पण उभ्या सायकलीचा गिअर बदलेल कसा? साखळी या चक्रावरून त्या चक्रावर जायची तर पेडल फिरायला हवं. म्हणजे कुणाचा तरी पाय लागणार." त्याने मागच्या चाकाजवळ बोट नेलं. "आणि हे बघा. पहिल्या गिअरचं हे मोठं चक्र, चढावर किंवा पायात जोर कमी असला की लागतं ते. तुम्ही कधी वापरत नाही, म्हणून गंजलं होतं. मीच तुम्हाला बोललो होतो. आता कसं लख्ख झालंय!"

आधीच्या दोन्ही वेळी त्याने सायकल उलटी ठेवून काम भागवलं होतं. आज मात्र तो इरेला पेटला. सायकल सीटच्या दांडीला धरून स्टँडवर टांगायची म्हणून त्याने सीट सैल करून वर ओढली आणि थांबला.

"ही खूण तुम्ही केलीत?"

सीटच्या दांडीवर लाल पेन्सिलीची एक आडवी रेघ होती. रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटा तिरका फटकारा. चार बोटं खाली तशीच आणखी एक.

"वरच्या खुणेवर तुमची सीट बसते," स्पोक म्हणाला. "खालची खूण बाहेर दिसेल इतकी वर ओढली तर कुणातरी उंच माणसाच्या मापाची होईल. तो माणूस बसण्याआधी सीट वर करतो आणि उतरल्यावर बरोबर तुमच्या मापावर आणून ठेवतो. गिअर तेवढा विसरतो."

ती रेघ ती तीस वर्षं बघत आली होती. पाइपांवर, न्हाणीघराच्या भिंतीवर, एकदा तर नव्याकोऱ्या जेवणाच्या टेबलावर, आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. तिचा नवरा नळाची कामं करायचा. ती रेघ मारल्याशिवाय त्याने आयुष्यात एक पाइप कापला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं आणि तेव्हापासून त्याने खिडकीजवळची खुर्ची धरली होती. डॉक्टर सांगून थकले, आता हिंडा, हळूहळू सायकलसुद्धा चालवा. तिने विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. "झालं माझं आता," एवढंच तो म्हणायचा. हा माणूस खुर्चीतून पुन्हा उठणार नाही या भीतीने तिची झोप उडायची. आणि पँटच्या उजव्या पायावरचे तेलाचे डाग? ते तर ती गेले पंधरा दिवस घासून काढत होती, एका जागी बसून माणूस एवढा मळतो कसा म्हणून चिडत.

ती तिथल्या खोक्यावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले ते तिने पिठाच्या बाहीनेच पुसले.

स्पोक जरा बावरला. "मग गिअरचं काय करू?"

"हात लावू नका त्याला. ब्रेक बघा." तिने क्षणभर विचार केला. "दोनदा बघा."

घरी नवरा खुर्चीत होता. पेपर तोंडासमोर, जसा काही तो त्या गावचाच नाही.

"काय म्हणाला तो?" पेपरमागून आवाज आला.

"जुनी झालीय म्हणाला, करते कधी कधी असं. पण रोज चालवा म्हणाला. पडून राहिली की कायमची जाम होईल."

पेपर थोडा हलला. "बरोबर आहे त्याचं."

"हो ना. मीही तेच म्हटलं."

दुपारचं जेवून ती आडवी झाली. एरवी उशीला डोकं टेकताच घोरायला लागणारी बाई त्या दिवशी डोळे मिटून कान टवकारून पडून राहिली. थोड्या वेळाने फाटकाची कडी निघाली, आवाज होऊ नये म्हणून बोटांत धरून काढल्यासारखी. ती पडल्या पडल्या घड्याळाकडे बघत राहिली. चाळीस मिनिटांनी कडी परत लागली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला आणि ती झोपली.

मग रोज पहाटे ती सायकल काढायची, पहिल्यावरचा गिअर तिसऱ्यावर घ्यायची आणि निघायची. दोघांनीही एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही.

दहा-बारा दिवसांनी एकदा पहाटे तिने सवयीने हँडलकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. दारावरच्या दिव्याच्या उजेडात तिने वाकून पाहिलं. गिअरचा आकडा दोन होता.

तो तसाच ठेवून ती निघाली. बेकरी येईपर्यंत तिचे पाय गरगर फिरत होते.