पंखा

सबस्टेशनमागच्या झाडाची फांदी मोडून तारेवर लोंबकळत होती. निरोप आला तसा लाइनमन भरल्या ताटावरून उठून गेला. त्याची आई जेवायची थांबली आणि पंख्याकडे टक लावून बसली. पंखा तर चांगला फिरतोय, नव्या सुनेला काही कळेना.

तेवढ्यात लाइट गेली.

"या लाइटवाल्यांना दुसरा धंदा नाही," शेजारचे काका करवादले.

सासूबाईंनी मात्र सुस्कारा सोडून ताट पुढे ओढलं. "लाइन बंद केली बाई. आता चढू दे त्याला खुशाल खांबावर."

आता सून जेवायची थांबली. घाम पुसत तीही पंख्याकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने पातं हललं.

"आई, उतरले हो हे," म्हणत ती नवऱ्याचं ताट वाढायला उठली.