तळहातावरचं दही

होडीत पाय ठेवायला सुलभाबाईंनी साफ नकार दिला. मुलाने समजावलं, सून मृदुलाने लाइफजॅकेट नेसत्या साडीवरून कसं चढतं ते दाखवलं, नात श्रियाने इंग्रजीत विनवण्या केल्या. बाईंचं आपलं एकच. पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि वल्ही गुरुदत्तच्या हातात म्हटल्यावर तर मुळीच नाही. पोटचा पोरगा झाला म्हणून काय झालं? गुरुदत्त आयटीतला माणूस. वल्हवायला तो आदल्याच दिवशी यूट्यूबवर शिकला होता.

होडी शेजारच्या माइमूआजींची. वय सत्त्याऐंशी, मूळच्या एस्टोनियाच्या. महायुद्धात रशियन सैन्य जवळ आलं तेव्हा त्यांच्या गावातली माणसं मिळेल त्या होडीत बसून समुद्रापार पळाली. त्यांत सहा वर्षांची माइमू होती. त्या दिवसाची आठवण म्हणून हॅमिल्टनमधली चार एस्टोनियन मंडळी दर सप्टेंबरात होडीने इथलं तळं पार करायची. बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही. पलीकडे उतरून काळ्या पावाचा एकेक तुकडा खायचा, होडी ट्रेलरवर चढवायची आणि गाडीने घरी. होडीतून उलट यायचं नाही, कारण तेव्हा कोणी परतलंच नव्हतं.

ती मंडळी एकेक करून गेली. यंदा होडी भरायला उरलं गुरुदत्तचं कुटुंब. शिवाय हे शेवटचं, असं माइमूआजींनी सांगूनच टाकलं होतं. पुढच्या वर्षी गुडघे होडीत चढायचे नाहीत. त्यामुळे आपल्या हातून काही चुकू नये, याची मृदुलाने सकाळपासून धास्ती घेतली होती. गाडी आणि ट्रेलर पलीकडच्या काठावर आधीच नेऊन ठेवले होते. नियम सगळ्यांना दोनदा सांगून झाले होते.

सासूबाईंना मात्र सांगायचं राहिलं.

होडी सुटणार एवढ्यात सुलभाबाई चिखलात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत पुढे आल्या. पिशवीतून वाटी काढली, माइमूआजींचा हात ओढला आणि तळहातावर चमचाभर दही घातलं. खा म्हणून खूण केली. तीन महिने कुंपणावरून या दोघींचं असंच चाललं होतं. इकडून दही, तिकडून काळा पाव. भाषा आपापली.

हे काय, असं माइमूआजींनी मृदुलाला विचारलं. मृदुलाला खोटं बोलता येत नाही. तिने चाचरत सांगितलं, की आमच्याकडे निघालेल्या माणसाच्या हातावर दही देतात. ते माणूस परत यावं म्हणून. परवा घरच्या बादलीत विसर्जन केलं, त्या गणपतीच्या हातावरही दिलं होतं.

माइमूआजींनी दही चाटलं. चेहरा दगडासारखा. झालं, सगळ्यावर पाणी फिरलं, असं मृदुलाला वाटलं आणि तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

होडी निघाली आणि जागच्या जागी गोल फिरली. मग पुन्हा फिरली. गुरुदत्त उजवं वल्हं मारी तेव्हा डावं हवेत असे. श्रियाने हसू दाबायला ओठ चावले, मृदुलाने तिला चिमटा काढला आणि स्वतःच फिस्सकन हसली. माइमूआजी समोर ताठ बसल्या होत्या. कशीबशी होडी सरळ झाली आणि तळ्याच्या मध्यावर आली. तिथे माइमूआजींनीच नियम मोडला.

"तुझी आई काय करतेय?"

वल्हवणारा मागे राहिलेल्या काठाकडे तोंड करून बसतो. मागचं फक्त त्यालाच दिसतं.

"उभी आहे," गुरुदत्त म्हणाला.

तेव्हाही त्यांची आजी काठावर उभी होती, माइमूआजी हळूच सांगू लागल्या. गाईंची धार कोण काढणार म्हणून ती होडीत चढली नाही. वल्ही वडिलांच्या हातात होती. आजी दिसेनाशी होईपर्यंत तिला पाहिलं ते त्यांनी एकट्याने. ती रडत होती का, किती वेळ थांबली, हे त्यांनी जन्मभर सांगितलं नाही. विचारायची माइमूची छाती झाली नाही.



"आणि आता?"

गुरुदत्तने डोळे बारीक केले. त्यालाही खोटं बोलता येत नाही. "हातात जँडल घेऊन काळ्या हंसाला हाकलतेय." मग थोड्या वेळाने, "आता उरलेलं दही खातेय."

माइमूआजी आधी खांद्यांनी हसल्या. मग पोटाने. मग सत्त्याऐंशी वर्षांची ती बाई होडी डुगडुगेपर्यंत खदखदा हसली, आणि तिच्याबरोबर बाकीचे तिघेही, इतके की दोन्ही वल्ही पाण्यात गेली आणि ती पकडताना मृदुला कोपरापर्यंत भिजली. डोळे पुसून झाल्यावर माइमूआजींनी दही घेतलेला तळहात पाहिला.

"फिरव होडी," त्या म्हणाल्या. "परत जायचं."

गाडी पलीकडे आहे, हे बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. गाडीची किल्ली गुरुदत्तच्या खिशात होती आणि अख्ख्या तळ्याला वळसा घालून गाडी आणायला त्यालाच जावं लागणार होतं. तरी तो वेड्यासारखा वल्हवत सुटला, आणि या वेळी होडी सरळ गेली.

काठ जवळ आला. माइमूआजींनी लाइफजॅकेट काढून फेकलं, मृदुलाचा हात झिडकारला आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्या सुलभाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. भिजलेल्या, धापा टाकत, एस्टोनियन भाषेत काहीतरी पुटपुटत. मृदुला सासूबाईंना सगळं समजावून सांगायला धावली, पण सुलभाबाईंना त्यात नवल असं काही वाटलंच नव्हतं. दही दिलं होतं, माणूस आलं. आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या त्या बाईचा ओला चेहरा त्यांनी पदराने पुसला आणि शाळेतून उशिरा आलेल्या पोरीला म्हणावं तसं म्हणाल्या,

"आलीस? उभं राहून पाय मोडले माझे. चल आता घरी."