पूर्ण वाक्य

“हं नाही, मुकादम. पूर्ण वाक्य.” रतिलाल मॅनेजरनं भिंतीवरच्या पाटीवर छडी आपटली. “वाचा. सगळ्यांदेखत वाचा.”

तोताराम मुकादमानं पाटीकडे पाहिलं. बोदवडच्या या जीनमध्ये, कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसपाशी, बावीस वर्षं त्याचं एका ‘हं’वर भागलं होतं. लांबवलेला ‘हंऽऽ’ म्हणजे दांडा ओढ, रुई भरलेल्या पेटीतला दट्ट्या वर घे. तुटका ‘हं!’ म्हणजे दांडा सोड. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसं नाव तोताराम आणि जीभ तोतरी. पण ‘हं’ म्हणताना ती कधी अडली नव्हती.

रतिलाल मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून आलेला. राज्य मराठी झालं, कचेऱ्या मराठी झाल्या, मग जीननंच का मागं राहावं? त्यानं पाटी रंगवून घेतली: ‘पेटीत कोणीही इसम नाही याची खात्री करून प्रेस क्रमांक दोन चालू करण्यात यावा.’ खाली दुसरी ओळ: ‘प्रेस क्रमांक दोन तत्काळ बंद करण्यात यावा.’ तत्काळ म्हणे! तेवढं म्हणेपर्यंत निम्मी विडी ओढून व्हायची. आणि ताकीद अशी, की वाक्य पुरं झाल्याशिवाय जो दांडा ओढेल किंवा सोडेल, तो दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर.

“प… प प… पे…” तोतारामच्या मानेच्या शिरा तटतटल्या. रुईच्या ढिगाशी उभे असलेले गडी आधी हसले, मग खाली बघू लागले.

“राहू द्या. तुमच्या नादाला लागलं तर आज एक गाठ निघायची नाही.” रतिलालनं स्वतःच पाटीची पहिली ओळ वाचली, खणखणीत, काना-मात्रा न चुकवता. ‘खात्री करून’ हे शब्द तर जरा जास्तच ठासून म्हटले. मग वळला आणि कचेरीकडे चालू लागला. पेटीत काही डोकावला नाही.

प्रेसच्या मागं, जिथून पेटी दिसतच नाही, तिथं वना नावाचा गडी दांडा धरून उभा होता. त्यानं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि दांडा खाली ओढून धरला.

चुडामण हा गडी अजून पेटीत होता. रुई तुडवून तो दारातून निघत होता. एक पाय बाहेर, एक आत. दट्ट्यानं रुईसकट आतला पाय उचलला आणि वरच्या लोखंडी पाटाशी नेऊन दाबला. चुडामण असा किंचाळला की जीनच्या यंत्रांची घरघर त्याखाली बुडाली.

“हं!” तोताराम ओरडला. “हं! हं!”

वनाला ‘हं’ ऐकू आलं. किंचाळणंही आलं. पण त्यानं दांडा सोडला नाही. ‘हं’वर दांडा सोडला म्हणून गेल्याच सोमवारी पितांबरला घरी बसवलं होतं, आणि वनाच्या घरी खाणारी तोंडं सहा. “आबा, वाक्य!” तो रडकुंडीला येऊन ओरडला. “वाक्य म्हना ना, आबा! लवकर म्हना!”

“प्र… प्र… प प…”

पेटीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा.

तोतारामनं वाक्य सोडून दिलं. खाली पडलेला लोखंडी पाना उचलला, तीन ढांगांत प्रेसच्या मागं गेला आणि वनाच्या मनगटावर घातला. एकदाच. हाड वाजलं. दांडा सुटला, दट्ट्या खाली बसला. वना मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर आला.

मग चुडामणला काढलं. गुडघ्याखाली पाय असा राहिलाच नव्हता. रुईनं प्यायचं तेवढं रक्त प्यायलं, बाकीचं फटींतून गळत होतं. पण तो रतिलालच्या आईबापाला शिव्या देत होता, म्हणजे चांगला जिवंत होता. गड्यांनी त्याला ट्रकमध्ये घातलं आणि ट्रक जळगावकडे सुटला.

तेव्हा कुठं रतिलाल कचेरीतून धावत आला. पेटी पाहून पांढराफटक पडला. मग त्याला तोतारामच्या हातातला पाना दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता बोलायला काहीतरी होतं.

“कामगारावर हल्ला! तुमच्या मारामारीत त्या बिचाऱ्याचा पाय गेला. मुकादम, तुम्ही आज तुरुंगात जाणार.” त्यानं खिशातलं पेन काढलं. “वना, तू सांग, मी लिहितो. अगदी सविस्तर सांग. भांडण कशावरून झालं, आधी कोण काय बोललं, काहीही गाळू नको. तुझ्या नोकरीचं मी बघतो.”

तोताराम तोंड उघडून उभा होता. घशात अख्खी हकिगत अडकली होती आणि बाहेर येत होतं नुसतं “व… व व…” सगळे गडी वनाकडे पाहत होते. आता तो बोलेल त्यावर म्हाताऱ्याचं घरी जाणं किंवा बेड्या.

वनाचं मनगट भरताच्या वांग्याएवढं सुजलं होतं. त्यानं मान वर केली.

“भांडन कशाचं, साहेब? आबानं मले ‘बंद कर’ म्हटलं.”

“कधी म्हटलं? कोणत्या शब्दांत?”

वनानं मोडलेलं मनगट पुढं केलं.

“हे काय,” तो म्हणाला. “बराबर आयकू आलं मले.”