आज कुणी विरोध करायचा नाही

चहावर साय धरली होती. कपाच्या कडेला घट्ट चिकटलेली, मध्ये सुरकुतलेली. टेबलावर कुणी हात आपटला की ती थरथरायची. आज ती बराच वेळ हलली नव्हती, आणि आईच्या मते हे लक्षण चांगलं होतं.

आई पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पाणी कशाने बिघडलं ते कळत नसेल, तर एकेक गोष्ट वगळून पाहायची ही तिची रीत. लेकीच्या बाबतीत बाकी सगळं करून झालं होतं. एकाच शहरातली दोन लॉ कॉलेजं, एक टेकडीवरचं, एक पुलापलीकडचं. दर्जाच्या यादीत दोन्ही एकाखाली एक. मागच्या वर्षी खालचं वर होतं. लेकीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता, आणि आज पाचपर्यंत एकीकडे होकार कळवला नाही तर दोन्ही जागा जाणार होत्या.

अडचण बुद्धीची नव्हती, जिभेची होती. बाबा टेकडीच्या बाजूने बोलले की लेक पुलापलीकडची बाजू अशी मांडायची, की जेवणं होईपर्यंत बाबा पूल ओलांडून गेलेले असायचे. मग बिचारी टेकडी एकटी पडली म्हणून ही तिच्या मदतीला धावायची. आजीला तर तिने इतक्यांदा फिरवलं होतं, की आजी उठल्या उठल्या विचारायची, "आज मी कुठल्या पक्षात आहे गं?"

म्हणून आईने आज एकच गोष्ट वगळली होती. विरोध. नवऱ्याला आणि सासूबाईंना तिने बजावून ठेवलं होतं, ती काहीही म्हणाली तरी 'बरं' म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही.

लेक खोलीतून आली आणि खुर्ची ओढून बसली. "माझं जवळजवळ ठरलंय. टेकडीवरचं."

"बरं," बाबा म्हणाले.

"बरं," आजी म्हणाली.

लेक थांबली. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं तिचं झालं.

"बरं म्हणजे? तिथली लायब्ररी संध्याकाळीच बंद होते, बाबा. काल तुम्हीच घसा फोडून सांगत होतात."

बाबांनी उजवा पाय फरशीवर दाबला. ते गाडी चालवायला शिकवायचे. नवशिक्यांच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"बरं," ते म्हणाले.

"मग पुलापलीकडचं घेते."

"बरं."

"अहो, पण तिथे एकेका वर्गात मेंढरांसारखी मुलं कोंबलीत. मागच्या बाकावरून शिक्षक दिसतात तरी का?"

आजीचे ओठ हलले. "टेकडीवर तरी कुठे..." आईने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. आजीने अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि सुनेकडे पाहिलं. बघ बाई, मी माझ्याकडून शिकस्त करतेय.

"तुमचं काहीतरी शिजतंय," लेक म्हणाली. "आई, हे उद्योग तुझे."

"बरं," आई म्हणाली.

मग लेक एकटीच बोलत राहिली. टेकडीची बाजू मांडली, उठून समोरच्या खुर्चीत बसली आणि ती खोडून काढली. परत पहिल्या खुर्चीत आली. भिंतीवर चेंडू मारणाऱ्याला चेंडू निदान परत तरी मिळतो, इथे भिंतच नव्हती. शेवटी ती दोन्ही खुर्च्यांच्या मध्येच उभी राहिली.

चार वाजून गेले होते. आईने घड्याळाकडे पाहिलं. प्रयोग फसला तर लेकीचं वर्ष जाईल, आणि ते आपल्या हातून.

"मी पुलापलीकडे कॉलेज बघायला गेले होते ना," लेक म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "तिथे एका मुलीशी माझा वाद झाला."

'बरं' म्हणायचं आईच विसरली.

"कशावरून?" आईने विचारलं.

"कॅन्टीनच्या रांगेवरून. मी म्हटलं, रांग माझ्यापासून सुरू होते. ती म्हणाली, कशी काय? मी सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग दोन वाक्यं बोलली." लेक टेबलाकडे बघत होती. "मी मागे जाऊन उभी राहिले."

"तू?" आजी बिस्कीट चावायची थांबली.

"काय म्हणाली ती?" बाबांना राहवलं नाही.

"ते नाही सांगणार. मला अजून उत्तर सापडलेलं नाही."

"आणि टेकडीवर?" आईने विचारलं.

"टेकडीवर मी सगळ्यांना गप्प केलं. फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा."

आईने हसू गिळलं.

"मग टेकडीच बरी की," आजी म्हणाली. "कशाला रोज डोक्याला ताप?"

झालं. आईने डोळे मिटून घेतले. आता पाच काय, सहा वाजले तरी ही थांबायची नाही.

लेकीने तोंड उघडलं, मिटलं.

"मी वाद घालत नाहीये हं, आजी," ती म्हणाली. "मी पुलापलीकडे जाणार आहे."