मागचे तीन प्लग

उत्तरेत, मैदागिन चौकाजवळच्या आपल्या गॅरेजात रत्नाकर मिस्त्रीने तीस वर्षं एका रांगेतल्या सहा सिलिंडरांची इंजिनं जवळजवळ डोळे मिटून दुरुस्त केली. पण तशा गाड्या आता येईनाशा झाल्या होत्या. अठ्ठ्याण्णव साली एका हॉटेलवाल्याने आपली नवी परदेशी गाडी आणली, तर तिच्या आडव्या बसवलेल्या इंजिनात तीन सिलिंडर पुढे आणि तीन मागे, पार केबिनच्या भिंतीला चिकटून. पुढचे स्पार्क प्लग त्याने झटक्यात बदलले. मागे मात्र त्याचा जाडजूड पंजा काही केल्या शिरेना.

“लखनऊ भेज दूँ क्या?” हॉटेलवाल्याने विचारलं. याआधीची दोन गिऱ्हाइकं अशीच हातची गेली होती.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरून जेवणाचा डबा घेऊन आलेली रत्नाकरची बायको इंदू हे सगळं बघत होती. “सरका जरा,” म्हणत तिने बांगड्या वर सारल्या आणि हात थेट आत घातला.

“अगं, तिथे काही दिसत नाही!”

“दिसायला कशाला हवं? इतकी वर्षं तुम्ही बदलताना बघतेच आहे की. पाना द्या इकडे.”

तिन्ही प्लग बसले. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

“कल दूसरी गाड़ी भी ले आऊँ?” हॉटेलवाल्याने खुशीत विचारलं.

“दोपहर के बाद लाइए,” इंदू हात पुसत म्हणाली, “सुबह खाना बनाना रहता है.”

रत्नाकर हसला. “सुबह ही लाइए, साहब. कल खाना मैं बनाऊँगा.”