सिनेटरांची खुर्ची

सर्जापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये अध्यक्ष जयतीर्थराव प्राचीन साम्राज्यांच्या कारभारावर तासभर बोलले. मौर्यांचा राजा निदान उघडउघड राजा होता. पण रोमच्या सिनेटरांसारखी गाढवं जगाच्या पाठीवर झाली नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

"सम्राटानं यांच्या हातातला सगळा कारभार काढून घेतला. ठेवलं काय, तर काठाचा झगा आणि पुढच्या रांगेतली खुर्ची. तेवढ्यावर खूश. मूर्खांना कळलंसुद्धा नाही."

समोरचे निम्मे लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. या अडाण्यांना रोम काय कळणार, असं जयतीर्थरावांच्या मनात आलं. मन लावून ऐकत होती ती एकटी सी ब्लॉकमधली सुप्रीता.

भाषण संपल्यावर तीच उठली. "अण्णा, इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी राबलात. आजपासून तुम्ही आमचे आजीव मानद अध्यक्ष. टँकर, वॉचमन, चेकवरच्या सह्या, ही किरकोळ कटकट आम्ही बघतो. तुम्ही स्वल्प आराम करा. सरी ना, चालेल ना?"

टाळ्या पडल्या. जयतीर्थरावांच्या डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा चढला, खांद्यावर शाल आली आणि पुढच्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची मांडली गेली.



पेटा सावरत ते शेजाऱ्याच्या कानाशी लागले, "त्या गाढवांच्या नशिबी असला मान कुठला हो."