रविवारचा फोन

"कुणाला खरं वाटणार नाही, पण दर रविवारी मी आत्याशी तासभर फोनवर बोलायचो!" आत्या गेल्यावर तिच्या रिकाम्या खोलीत जमलेल्या भावंडांना मी ठणकावून सांगितलं. "आपल्या नऊ जणांची शेंबडी नाकं पुसली तिनं, तापात उशाशी बसली. आणि तुम्ही? नुसती बांडगुळं! अहो, गेल्याच रविवारी माझा विनोद ऐकून इतकी हसली, की तिला ठसका लागला."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

आत्याला सांभाळणारी बाई चादरीची घडी करता करता थांबली.



"काका, आत्याबाईंना सहा वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं. रविवारी त्या फोन माझ्या हातात देऊन समोर बसायच्या. 'नऊ जणांतला एखादा करेल, वाजला की सांग,' म्हणायच्या. सांगायची वेळच आली नाही."